रात्री नऊनंतर अडकणारा गेम

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या ताईच्या घरी बसून भाच्याला गेमिंगचा संगणक जोडून दिला, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका रात्री साडेनऊच्या सुमारास त्याचा फोन आला. “मामा, गेम लई अडकतंय ओ. ग्राफिक्स कार्ड बदलूया काय?” आवाजात तक्रारीपेक्षा संकोच जास्त होता, कारण त्या कार्डात त्याने वर्षभर साठवलेले पैसे आणि ताईच्या भिशीची रक्कम गेली होती, आणि कार्ड मीच निवडले होते.

मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या, यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. जॉबचे माप चुकले की ऑपरेटर पहिल्यांदा यंत्राला नावे ठेवतो. डायल लावून पाहिल्यावर बहुतेक वेळा टूल झिजलेले, फिक्स्चर ढिले किंवा ड्रॉइंगच जुने निघते. त्यामुळे माप घेतल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, ही सवय अंगात मुरली आहे. भाच्याला सांगितले, की रविवारी येतो, तोवर काही विकत घेऊ नको. हे टिपण त्या रविवारी आणि पुढच्या काही आठवड्यांत जे सापडले त्याचे आहे. ज्यांना नवा संगणक जोडायचा आहे, किंवा जोडलेला संगणक अडकतो म्हणून त्यावर आणखी पैसे घालायचे आहेत, त्यांनी खिशात हात घालण्यापूर्वी ते वाचावे.

‘अडकणे’ हा शब्द मुले दोन अगदी वेगळ्या दोषांसाठी वापरतात. पहिल्या दोषात संगणक चित्रे वेळेवर काढू शकत नाही. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ दाखवायची तर जेमतेम ६.९, मध्येच एखादे चित्र चाळीस-पन्नास मिलिसेकंद घेऊन बसले की डोळ्याला हिसका जाणवतो आणि माउस जड वाटू लागतो. दुसऱ्या दोषात पडद्यावरची हालचाल सुरळीत असते, पण सर्व्हरकडून येणारी खबर उशिरा येते. समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, नेम बरोबर असूनही गोळी लागत नाही, आणि आपण चार पावले पुढे गेलेलो असताना खेळ आपल्याला मागे ओढून आणतो. पहिल्या दोषावर इंटरनेटचा कितीही महागडा प्लॅन घेतला तरी उपयोग नाही, आणि दुसऱ्या दोषावर बाजारातले सर्वांत मोठे ग्राफिक्स कार्ड बसवले तरी नाही.

हे दोन दोष वेगळे काढणे फारसे अवघड नसते. इंटरनेट पूर्ण बंद करून एकट्याने खेळायचा एखादा जड गेम तासभर चालवावा. त्यात हिसके आले तर दोष यंत्राकडे आहे. भाचा खेळतो त्या व्हॅलोरंटमध्ये तर सेटिंगमध्येच चित्रांचा वेग, सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ आणि वाटेत हरवलेली पॅकेट, म्हणजे माहितीची छोटी पुडकी, यांचे आलेख पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवण्याची सोय आहे. ते तिन्ही आलेख लावायला मी त्याला फोनवरच सांगितले होते. तरीही रविवारी गेल्यावर आधी यंत्रच तपासले, कारण ते माझ्या हातचे होते आणि स्वतःच्या कामावर संशय घेतल्याशिवाय केबलवाल्याला बोल लावणे मला पटत नव्हते.

यंत्र साधेच आहे. रायझन ५ ७६०० हा सहा कोरचा प्रोसेसर, त्याच्या खोक्यातच आलेला पंखा, बी-६५० चा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर-५ रॅम, आठ जीबीचे आरटीएक्स ४०६० कार्ड, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि २४ इंची, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. मुलांना वाटते की बजेट ठरले की आधी कार्ड निवडावे. माझे मत असे, की आधी मॉनिटर ठरवावा, कारण १०८० ओळींच्या पडद्यावर खेळणाऱ्याने चार हजारी (४के) पडद्यासाठी बनवलेले कार्ड घेणे म्हणजे गल्लीतल्या दुकानापर्यंत जायला ट्रक काढणे होय. शिवाय व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये कमी रेझोल्यूशनवर बहुतेक वेळा कार्डाआधी प्रोसेसरच दमतो. रॅम एक सोळाची घेण्यापेक्षा दोन आठच्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही मार्गांनी माहिती वाहते. आणि चार खाचा असलेल्या बोर्डावर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. पहिल्या दोन खाचा भरून दिलेले संगणक मी नावाजलेल्या दुकानांतून आलेलेही पाहिले आहेत.

सर्वांत जास्त वाद झाला तो पॉवर सप्लायवर. भाच्याच्या मित्रांनी त्याला साडेआठशे वॅटचा सांगितला होता, तर राजारामपुरीतल्या एका दुकानात कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा, वजनाला हलका आणि लेबलावर ‘५००’ असे ठळक छापलेला सप्लाय पुढे करण्यात आला. हिशोब कागदावर मांडला की वाद मिटतो. ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, ४०६० कार्ड ११५ वॅटचे आहे, आणि बोर्ड, रॅम, पंखे व एसएसडी यांचे मिळून पन्नास-साठ धरले, तरी बेरीज दोनशे सत्तरच्या आत राहते. चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा सप्लाय याला पुरून उरतो. पुढे मोठे कार्ड घेण्याचा विचार असेल तर ६५० चा घ्यावा. फुकटचा सप्लाय मात्र फुकटही घेऊ नये. तो मेला तर एकटा मरत नाही. आणि प्रत्येक भागाचे जीएसटीचे बिल भागाच्या अनुक्रमांकासह मागावे, कारण वॉरंटीच्या वेळी दुकानदाराची ओळख उपयोगी पडत नाही, बिल पडते.

आता जे सांगतो ते गेमिंगच्या चर्चांत फारसे कुणी बोलत नाही, पण आपल्याकडच्या जुन्या घरांत फार महत्त्वाचे आहे. संगणक पहिल्यांदा चालू केला तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच भाच्याच्या बोटांना झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा लागला. ताईने तिथल्या तिथे संगणकाला हात लावायला बंदी केली. कारण सरळ होते: भिंतीतला सॉकेट तीन भोकांचा असला तरी वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. पॉवर सप्लायच्या आत, वीज शिरते त्या ठिकाणी, गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा नगण्य प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर पत्रा अधांतरी राहून २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह एवढा अल्प असतो की माणसाला सहसा इजा होत नाही, पण चालू संगणकाला एचडीएमआयची केबल लावताना तोच भार नाजूक चिपमधून वाट काढू शकतो. अर्थिंगशिवाय एखादा भाग खरोखरच बिघडला, तर पत्र्यावर पूर्ण दाब येण्याचा धोका राहतो तो वेगळाच. वायरमन बोलावून मीटरपासून त्या खोलीपर्यंत अर्थिंगची हिरवी वायर ओढून घेतली आणि मगच पुढचे काम केले. ग्राफिक्स कार्डाच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ होता.

जोडणीतल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. कूलरच्या तळाला पारदर्शक चिकटपट्टी असेल तर ती काढावी. ती विसरणाऱ्यांत मीही एकदा होतो. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारख्या असतात, पण एक नसतात. एकीच्या जागी दुसरी बसत नसेल तर जोर करू नये. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, तर कार्डाला लावावी. डीडीआर-५ चे नवे यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे घालवते आणि तेवढा वेळ पडदा काळा राहतो. आमच्याकडे त्या मिनिटांत ताई दारात येऊन “पैसे पाण्यात गेले काय रे?” असे दोनदा विचारून गेली. त्या वेळी घाबरून बटण दाबू नये. पडदा उजळल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करावी, नाहीतर ६००० च्या वेगाची रॅम मुकाट्याने ४८०० वर चालत राहते. व्हॅलोरंट खेळायचे असेल आणि विंडोज ११ घातले असेल, तर टीपीएम आणि सिक्युअर बूट या बायोसमधल्या दोन्ही सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. नाहीतर गेम उघडतच नाही आणि मुले उगाच विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

रविवारी कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा समोरच्या जाळीवर काळसर थर बसलेला दिसला. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्यांच्या धुराड्यांतली काजळी येऊन पडते, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. तीच काजळी कॅबिनेटचे पंखे आत ओढतात. उसाच्या हंगामात महिन्यातून एकदा जाळी काढून धुवावी. आणि कॅबिनेट कधीही जमिनीवर ठेवू नये. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या माझ्या एका परिचिताच्या घरात पाणी शिरले, त्याने टीव्ही उचलला, कागदपत्रे उचलली आणि टेबलाखालचा संगणक विसरला.

तर जाळी काळी होती, पण तासभर जड गेम चालवून पाहिला तेव्हा तापमान मर्यादेत होते आणि चित्रांचा आलेख सपाट होता. माझी एक चूक मात्र सापडली. विंडोजमध्ये मॉनिटरचा वेग ६० हर्ट्झवरच राहिला होता. तीन आठवडे भाचा १४४ हर्ट्झचे पैसे भरून ६० वर खेळत होता. ते बदलल्यावर त्याचा चेहरा खुलला, पण रात्री नऊ वाजून गेले आणि गेम पुन्हा अडकला. नऊच्या आधी अडकत नव्हता. भाच्याचा तर्क असा होता, की दिवसभर चालून कार्ड तापत असावे. केबलवाल्याने फोनवर सांगितले, की या वेळी सगळीकडे लोड असतो. दोघांचेही म्हणणे ऐकायला पटण्यासारखे होते आणि दोघांनीही काही मोजले नव्हते.

जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ज्या रीतीने पाहतो, त्याच रीतीने पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन येण्याचा वेळ, पाहावा लागतो. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे पाठ असतेच, पण आपण विचारतो ते ‘किती झाली?’ एवढेच नाही. ‘तासाला किती वाढली आणि उतार लागला का?’ हेही विचारतो. पिंगचा एकच आकडा पाहून काही कळत नाही. तो किती डोलतो, कधी चढतो आणि त्या वेळी घरात काय चालू असते, हे कळले पाहिजे. त्यासाठी मी संगणकावर तीन खिडक्या उघडल्या. एकीत घरातल्या राऊटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ या पत्त्याला, सतत पिंग; दुसरीत ट्रेसराऊट, म्हणजे पॅकेटच्या वाटेवरच्या टप्प्यांची यादी, काढून सापडलेल्या, घराबाहेरच्या पहिल्या टप्प्याला; तिसरीत ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्याला. दोष पहिल्या खिडकीत दिसला तर तो घरात आहे, फक्त दुसरीपासून पुढे दिसला तर लाइनवर आहे, आणि फक्त तिसरीत दिसला तर त्याच्याही पलीकडे आहे. ट्रेसराऊट वाचताना एक काळजी घ्यावी. मधल्याच एखाद्या टप्प्यावर पॅकेट हरवल्यासारखी दिसली आणि पुढच्या टप्प्यांवर सगळे ठीक असेल, तर तो दोष नसतो. तो राऊटर आपल्या पिंगला उत्तर देण्याचे काम मागे टाकतो, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्याच खिडकीने मान खाली घालायला लावली. राऊटरला पोहोचायला वायरवर एक मिलिसेकंदही लागत नाही. इथे आकडे दोनपासून सत्तरपर्यंत नाचत होते. राऊटर खालच्या सोप्यात, संगणक माडीवर, आणि मध्ये जुन्या घराची दीड फुटी भिंत. वायफाय डोंगल कॅबिनेटच्या मागे, निळ्या यूएसबी ३.० च्या खाचेत घुसवलेला. त्या खाचा स्वतःच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ साली मोजून दाखवलेले आहे. त्यात पेठेतली घरे एकमेकांना चिकटून उभी, २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि फोनवर शोधले तर आसपासची वीसहून अधिक वायफाय त्या तिघांत दाटीवाटीने बसलेली. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. शेजारी बोलत असला तर आपले पॅकेट थांबते, आणि हे थांबणे स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही, गेममध्ये दिसते.

यावर उपाय एकच आणि जुना आहे: वायर ओढणे. अठरा मीटर कॅट-६ केबल आणली. घेताना आतली तार निखळ तांब्याची आहे ना, हे पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती वाकवली की तुटते. टोक चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. भिंतीला भोक पाडायला ताईची परवानगी नव्हती, म्हणून केबल खिडकीतून बाहेर काढून, पावसाच्या पाइपाशेजारून वर नेली. उन्हात राहणार असल्यामुळे बाहेरच्या वापराचीच, काळ्या आवरणाची घेतली. टोकांचे जॅक मी स्वतः दाबून बसवले, म्हणजे क्रिम्प केले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रम बरोबर होता, तरी संगणक एक गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवरच जोडला गेला. शेवटची तपकिरी तार टोकापर्यंत गेलीच नव्हती, आणि आठांतल्या नारिंगी-हिरव्या चार तारा शाबूत असल्या की १०० वर काम भागते, म्हणून यंत्राने मुकाट्याने तडजोड केली होती. खरे तर घरचा प्लॅन ५० मेगाबिटचा. पिंगला काही फरक पडला नसता. पण स्वतः केलेला सांधा कच्चा राहिला हे कळल्यावर मला जेवण गोड लागले नसते. जॅक कापून पुन्हा केला.

पहिली खिडकी शांत झाली, सरळ एकच्या आत. बाहेरचा पिंग १४ वर आला. गेमचा सर्व्हर मुंबईत, आणि कोल्हापूर ते मुंबई रस्त्याने पावणेचारशे-चारशे किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन यायला निव्वळ प्रवासाचे चार मिलिसेकंद. बाकी वेळ वाटेतल्या यंत्रांचा आणि वळणांचा. १४ हा आकडा उत्तम होता. आम्ही चहा घेतला, आणि नऊ वाजून सहा मिनिटांनी दुसरी व तिसरी खिडकी एकदम चढली: १४, १९०, ३४०, ३८०. पहिली खिडकी मात्र एकच्या आतच होती.

मी उठून खाली गेलो. ताई स्वयंपाकघर आवरून झोपाळ्यावर बसली होती, टीव्हीवर मालिका चालू होती, आणि तिचा फोन भिंतीजवळ चार्जिंगला लावलेला होता. टीव्ही बंद करायला लावला, आकडे हलले नाहीत. फोनचे वायफाय बंद केले आणि माडीवरून भाचा ओरडला, “मामा, चौदा!” फोन चार्जिंगला आणि वायफायवर असला की फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढवावेत, अशी सोय तिच्या फोनमध्ये चालू होती. मागच्या महिन्यातल्या पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ तो रोज रात्री नऊनंतर, तिच्या नकळत, चढवत बसत होता. दिवसभर फोन तिच्या हातात असे, म्हणून दिवसभर गेम सुरळीत.

यात फोनचा गुन्हा नाही आणि प्लॅनचाही नाही. लाइनच्या तोंडाशी असलेल्या खोक्यात येणारी पॅकेट तात्पुरती ठेवण्यासाठी थोडी जागा असते. फोन जमेल तेवढ्या वेगाने माहिती ढकलतो, ती जागा भरते, आणि भरलेलीच राहते. समजा ती जागा दोन मेगाबाइट आहे. ५० मेगाबिटच्या लाइनवरून तेवढी माहिती बाहेर जायला ०.३२ सेकंद लागतात, म्हणजे रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या गेमच्या चिमुकल्या पॅकेटला ३२० मिलिसेकंद थांबावे लागते. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी खेळाची नोंद घेतो. तेवढ्या वेळात त्याच्या चाळीस नोंदी होऊन जातात. २०१० साली जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला स्वतःच्याच घरच्या लाइनवर हा प्रकार आढळला आणि त्याने त्याला बफरब्लोट हे नाव दिले. लाइन मोठी घेतली तर फोन तीही भरून टाकतो, फक्त काम लवकर उरकतो. म्हणून मोठा प्लॅन हा यावरचा खरा इलाज नाही.

खरा इलाज रांग लावण्याच्या पद्धतीत आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. गाभाऱ्यातल्या दर्शनाची रांग कितीही लांब गेली, तरी ज्याला उभ्या उभ्या मुखदर्शन घेऊन निघायचे आहे त्याची रांग वेगळी असते. म्हणून तो तासन्‌तास अडकत नाही, आणि त्याच्यामुळे मोठ्या रांगेचेही काही बिघडत नाही. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेली कोडेल ही पद्धत रांगेत पॅकेट किती वेळ उभे राहिले हे पाहते, आणि फार वेळ साचू लागले तर पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावते. तिच्यावरच बेतलेली एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देते, त्यामुळे गेमची लहान, तुरळक पॅकेट मुखदर्शनाच्या रांगेने निघून जातात. ही पद्धत ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राऊटरांत एसक्यूएम या नावाने मिळते, आणि काही तयार राऊटरांत क्यूओएसच्या, म्हणजे कुणाला आधी वाट द्यायची हे ठरवण्याच्या, पानावर ‘स्मार्ट’ किंवा ‘ॲडॅप्टिव्ह’ अशा नावांखाली तिच्या जवळपासचे काहीतरी असते.

एक अट मात्र लोक विसरतात. रांग आपल्या राऊटरमध्ये लागली तरच आपली शिस्त चालते, केबलवाल्याच्या खोक्यात लागली तर नाही. म्हणून राऊटरला लाइनचा वेग मुद्दाम कमी सांगावा लागतो. ५० च्या लाइनवर मी दोन्ही दिशांना ४५ लिहिले. पाच मेगाबिट सोडून दिल्याबद्दल भाचा हळहळला, पण पुढच्या रात्री फोन चार्जिंगला, टीव्ही चालू आणि गेम चालू अशा स्थितीत पिंग १८ च्या वर गेला नाही. ताईच्या फोनचे बॅकअप मी बंद केले नाही. लग्नाचे व्हिडिओ सुरक्षित राहणे हे व्हॅलोरंटइतकेच महत्त्वाचे आहे, निदान त्या घरात.

या आठवड्यांत भाच्याच्या मित्रांनी सुचवलेले बाकीचे उपायही ऐकले. डीएनएस बदलल्याने गेमचा पिंग कमी होत नाही. डीएनएस सुरुवातीला एकदा पत्ता शोधून देतो आणि बाजूला होतो. महिन्याला पैसे घेऊन पिंग कमी करणारी सॉफ्टवेअर तेव्हाच कामाला येतात, जेव्हा आपल्या केबलवाल्याचा मार्ग खरोखरच वाकडा असतो. मुंबई १४ वर असताना ती विकत घेणे म्हणजे पैसे देऊन काही न घेणे. शिंगांसारखे आठ अँटेना लावलेला गेमिंग राऊटरही तसाच: वायर ओढल्यानंतर त्या शिंगांचा संगणकाशी संबंध उरत नाही.

डिसेंबरात अवकाळी पावसाच्या दोन दिवसांत आणखी एक दुखणे वर आले. या वेळी पिंग चढला नाही, पण शंभरात दोन-तीन पॅकेट हरवू लागली, आणि तीही घराबाहेरच्या पहिल्याच टप्प्यावर. फायबरच्या मोडेमच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद लिहिलेली असते. ती साधारण उणे ८ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असावी; इथे उणे २७ दिसत होती. हा आकडा सांगितल्यावर केबलवाल्याच्या माणसाने ‘मोडेम बंद करून चालू करा’ हे वाक्य पुन्हा म्हटले नाही आणि दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन आला. खांबावरच्या डबीत पाणी शिरले होते, आणि खिडकीच्या चौकटीपाशी कुणीतरी तंतू काटकोनात वाकवून खिळ्याला बांधला होता. सांधा नवा केला, वळण मोठे गोल केले, आकडा उणे २१ वर आला. हा फरक सहा डेसिबलचा, म्हणजे प्रकाश चौपट झाला.

विजेचे सांगायचे राहिले. दिवे क्षणभर मिचकले तरी मोडेम आणि राऊटर बंद पडून पुन्हा उठतात आणि त्यात दोन-तीन मिनिटे जातात. तेवढ्यात सामना हातचा जातो आणि अर्धवट सोडल्याचा दंडही बसतो. त्या दोघांसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो, तो घ्यावा. संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस लावतात, पण त्याची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच असते. मॉनिटर धरून आमचे यंत्र त्याच्या कडेला येते, म्हणून हजार व्हीएचा घेतला. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा असावा, आणि मागचे बटण यूपीएसच्या बाजूला असावे.

आता एकच तक्रार उरली आहे आणि तिच्यावर माझ्याकडे इलाज नाही. भाच्याचा चुलतभाऊ नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो आणि रात्री दोघे एकत्र खेळतात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येण्यात निव्वळ प्रकाशाचे ३९ मिलिसेकंद जातात, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. भाच्याला तिकडच्या सर्व्हरवर ८१ मिळतो. “मामा, हे कमी नाही होणार?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला नकाशा काढून दाखवला. सध्या त्यांनी वार वाटून घेतले आहेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार मुंबईचा सर्व्हर, मंगळवार, गुरुवार, शनिवार सिंगापूरचा. रविवारी भांडण.